उचकी थांबतच नाही तेव्हा : घड्याळ, वही आणि पुढच्या पायऱ्या

उचकी लागली की घरात आधी पाण्याचा तांब्या येतो, मग साखरेचा डबा, मग कोणीतरी दरडावून विचारतं, "चोरून काय खाल्लंस?" आजी घरात असेल तर कोण आठवण काढत असेल त्यांची नावं घेणं सुरू होतं. घड्याळाकडे मात्र कुणी बघत नाही. चार दिवसांनी डॉक्टर विचारतात, "कधीपासून?" आणि उत्तर मिळतं, "झाले की बरेच दिवस." तिथेच अर्धी माहिती हातची जाते.

म्हणून पहिली पायरी एवढीच: उचकी सुरू झाली ती वेळ कागदावर किंवा मोबाइलवर लिहून ठेवा. आधी काय खाल्लं-प्यालं, कुठली गोळी घेतली, तेही दोन शब्दांत. मग तांब्या आणा.

48 तासांची रेघ

उचकी किती वेळ टिकली यावरून डॉक्टर तिचे गट करतात. 48 तासांच्या आत थांबते ती साधी. तिचं कारण बहुधा पोटातच असतं आणि ते कळलं नाही तरी बिघडत नाही. 48 तास ओलांडले की ती 'पर्सिस्टंट', म्हणजे चिवट. महिना उलटला की 'इन्ट्रॅक्टेबल', म्हणजे हट्टी. इस्पितळाच्या कागदावर हेच शब्द दिसतील, त्यांना घाबरू नका; त्यांत रोगाचं नाव नाही, फक्त मुदत आहे.

मधे तासभर थांबून पुन्हा सुरू झाली, किंवा झोपेत थांबली आणि सकाळी परत लागली, तर घड्याळ शून्यावर आणू नका. लोक नेमकं तेच करतात आणि आठवडा निघून जातो. चिवट उचकी पुरुषांत जास्त दिसते. त्यातल्या टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले चार्ल्स ऑसबोर्न: त्यांना 1922 साली लागलेली उचकी 1990 पर्यंत चालली, 68 वर्षं. तसं तुमचं होणार नाही, पण उचकी आपोआप थांबेलच असं धरून बसण्यात अर्थ नाही हे त्यावरून कळावं.

शरीरात होतं काय

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू आहे, श्वासपटल. तो खाली सरकला की आपण श्वास आत घेतो. उचकीत हा स्नायू, बहुतेक वेळा त्याची डावी बाजू, अचानक आखडतो. हवा आत ओढली जाते, आणि सुमारे 35 मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं दार धाडकन बंद होतं. तोच तो 'हिक्' आवाज. मिनिटाला 4 पासून 60 पर्यंत कितीही वेळा हे घडू शकतं.

श्वासपटलाला हा हुकूम देणारी नस मानेतून निघते, तिला फ्रेनिक म्हणतात. तक्रार घेऊन जाणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या देठापासून निघून कान, घसा, हृदय, फुप्फुसं, जठर अशी फिरत पोटापर्यंत जाते. या वाटेवर कुठेही टोचणी लागली, किंवा मेंदूच्या देठातच बिघाड झाला, की उचकी सुरू होऊ शकते. कानाच्या पडद्याला टेकलेल्या एका केसामुळे दिवसेंदिवस उचकी लागल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून चांगला डॉक्टर उचकीच्या रुग्णाच्या कानातही बॅटरी मारून बघतो. त्याला हसू नका.

घरगुती युक्त्यांचं मर्मही यातच आहे. काही युक्त्या व्हेगसला दुसऱ्या कामाला लावतात (गिळणं, थंड पाणी, साखरेचे कण घशाला लागणं), तर काही रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढवून श्वासपटलाची लय मोडतात (श्वास रोखणं), किंवा श्वासपटलावरच दाब देतात (गुडघे छातीशी धरणं). यांत न बसणारी युक्ती कुणी सांगितली, तर ती चालली तरी योगायोगाने चालली असं समजा.

आधी सोबत काय आहे ते बघा

युक्त्या करण्याआधी अर्धा मिनिट थांबा. एकट्या उचकीला वेळ देता येतो. खालचं काही सोबत असेल तर पाणी, साखर, श्वास काही करत बसू नका. 108 ला फोन करा.

छातीत दाब किंवा दुखणं, थंड घाम, धाप. हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आला तर ती बाजू श्वासपटलाला टेकलेली असल्यामुळे उचकी लागू शकते. मधुमेह असलेल्यांत आणि वयस्करांत छातीत न दुखताही झटका येतो, त्यामुळे अशा माणसाला नवी उचकी आणि घाम किंवा धाप एकत्र आली की ईसीजी हवाच. "गॅस झालाय" हे निदान घरच्या घरी करू नका.

अचानक गरगरणं, एका बाजूला तोल जाणं, गिळताना ठसका, आवाज घोगरा होणं, दुहेरी दिसणं, बोबडी वळणं. मेंदूच्या देठातल्या पक्षाघाताच्या झटक्यात तोंड वाकडं न होता, हातातली ताकद न जाता फक्त चक्कर, गिळण्याचा त्रास आणि उचकी असं चित्र दिसतं. घरच्यांना ते पित्त वाटतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून शेवटचं कधी ठीक होतं ती वेळ नक्की सांगा.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट दगडासारखं कडक होऊन असह्य दुखणं, किंवा पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद.

मूत्रपिंडाचा रुग्ण असून उचकीसोबत असंबद्ध बोलणं, गुंगी किंवा झटके (आकडी). याबद्दल पुढे सविस्तर आहे.

पहिला तास: कोणती युक्ती, नेमकी कशी

बहुतेकांची युक्ती चुकत नाही, करण्याची रीत चुकते. दोन सेकंद श्वास रोखतात, घोटभर पाणी पितात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. खालच्या युक्त्या एकेक करून, मधे पाचेक मिनिटं सोडून करा.

तीन टप्प्यांचा श्वास. सगळ्यांत आधी हीच करावी, कारण काही लागत नाही. ताठ बसा. पूर्ण श्वास सोडा. मग जमेल तितका खोल श्वास घ्या आणि 10 सेकंद रोखा. तो न सोडता वर आणखी थोडा श्वास ओढा, 5 सेकंद रोखा. पुन्हा न सोडता वर इवलासा श्वास, पुन्हा 5 सेकंद. मग सावकाश सोडा. मधल्या टप्प्यांवर छाती भरलेली वाटते आणि आता जागाच नाही असं वाटतं. तिथेच लोक सोडून देतात. ती शेवटची दोन ओढच कामाची आहे. चक्कर येते असं वाटलं तर थांबा. गंभीर हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी, आणि नुकतीच डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ही करू नये.

कोरडी साखर. चहाचा एक चमचा भरून दाणेदार साखर जिभेच्या मागच्या भागावर टाका आणि न चघळता, न विरघळवता, पाणी न घेता गिळा. 1971 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 20 रुग्णांवरचा छोटा अनुभव छापून आला होता, त्यातल्या 19 जणांची उचकी साखरेने थांबली. माणसं कमी आणि तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे हा पुरावा म्हणून लंगडाच, पण साखर घरात असते आणि धोका फारसा नाही. पिठीसाखर चालत नाही, ती घशात बसते आणि ठसका लागतो. गुळाचा खडा चघळला तर साखर फक्त पोटात जाते, घशाला टोचणी मिळत नाही. मधुमेह असेल तर ही युक्ती वारंवार करू नका. गिळण्याचा त्रास असलेल्याला आणि लहान मुलांना कोरडी साखर देऊ नका.

थंड पाणी. ग्लासभर थंड पाणी, एकामागून एक 10 ते 12 छोटे घोट, मधे श्वास न घेता. दुसऱ्या कुणीतरी दोन्ही कानांच्या पुढच्या टोकांवर (ट्रॅगस) बोट दाबून धरलं की अधिक चांगलं. पातळ स्ट्रॉ असेल तर त्यातून जोर लावून पाणी ओढा आणि लगेच गिळा. जोराने ओढताना श्वासपटलाला काम लागतं आणि गिळताना स्वरयंत्राचं दार मिटतं, म्हणजे फ्रेनिक आणि व्हेगस दोन्ही एकदम गुंतल्या. फ्रीजमधली सोड्याची बाटली म्हणजे थंड पाणी नव्हे. तिने पोट फुगतं आणि उचकी वाढते.

गुडघे छातीशी. जमिनीवर बसून गुडघे छातीला घट्ट कवटाळा आणि पुढे वाका, एक-दोन मिनिटं. पोट भरल्यावर लगेच केलं तर जेवण वर येईल, म्हणून हे जेवणानंतर अर्ध्या तासाने.

लिंबाची फोड चावणं, जीभ हळूच बाहेर ओढणं हेही व्हेगसलाच चाळवतं. लिंबू चावायचं असेल तर छातीत जळजळ नसलेल्यांनीच.

काय करू नये तेही सांगायला हवं. डोळ्यांवर दाब देऊ नका. नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते आणि डोळ्याला इजा होते. मानेतली धडधडणारी शीर चोळू नका, ते काम ईसीजी लावून डॉक्टरांनी करायचं असतं. प्लास्टिकची पिशवी तोंडावर कधीही नाही. पाठीत धपाटा घालून दचकवणं मुलांच्या खेळात ठीक. रक्तदाब असलेल्या काकांना नको. आणि "एक पेग घे, बसेल" हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो, पण दारू हे उचकीच्या नेहमीच्या कारणांपैकीच एक आहे.

तीन-चार युक्त्या नीट करून दोन तासांत काही झालं नाही, तर दिवसभर त्याच करत राहू नका. घसा सोलवटतो, पोट पाण्याने फुगतं आणि माणूस दमतो. आता वहीकडे वळा.

वही कशी ठेवायची

एक पान पुरे. वर सुरुवातीची तारीख आणि वेळ. खाली दिवसातून चार वेळा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट उचक्या मोजा. अंदाजाने "खूप" लिहू नका. त्याच ओळीत मागच्या दोन तासांत काय खाल्लं ते. जळजळ, आंबट ढेकर, ताप, खोकला, ओकारी यांपैकी काय होतं ते. त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्या, दुखण्याच्या आणि झोपेच्याही. पाणी किती प्यालं, लघवी कशी झाली.

आणि झोप. घरातल्या कुणीतरी रात्री एकदा उठून बघा, गाढ झोपेत उचकी चालू आहे का. झोपेतही चालू राहिली तर शरीरात काहीतरी कारण असण्याची शक्यता वाढते. झोपेत पूर्ण थांबते आणि जागं झाल्यावर येते, तेव्हा ताण-चिंतेचाही विचार होतो. हा नियम पक्का नाही. झोपेत थांबते म्हणून कारण शोधायचंच नाही असं करू नका.

पोटापासून सुरुवात

कारणांच्या यादीत जठर आणि अन्ननलिका सगळ्यांत वर. आंबट पाणी वर येणं, जठराचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकणं (हायटस हर्निया), भरभर जेवल्याने गिळलेली हवा. आयुर्वेदात उचकीला हिक्का म्हणतात आणि तिच्या पाच प्रकारांतला एक 'अन्नजा' आहे. घाईघाईत, अति खाण्या-पिण्याने लागणारी. म्हणजे ही गोष्ट जुनीच.

आपल्या गोव्याच्या जेवणात कुठे बघायचं? मार्च ते मे उराकाचा, म्हणजे फेणीआधीच्या हलक्या काजूच्या दारूचा, हंगाम. उराक, त्यात बर्फ आणि सोडा, जोडीला गरमागरम रेशाद (लाल तिखट मसाला भरलेला) बांगडा: यात दारू, वायू, तिखट आणि गरम-थंडाचा झटका असं सगळं एकाच ताटात आलं. फेणी उराकापेक्षा बरीच कडक, तिच्यावर पाणी न पिता उपाशी पोटी घेतली तर जठराचं अस्तर सोलतं. पंगतीत किंवा जत्रेत उभ्याने खाल्लेली मिरचीभजी, वर थंड पेय, हाही तोच प्रकार. सोलकढीला मी दोष देणार नाही, पण कोकम आंबटच. जिला किंवा ज्याला ती पिऊन जळजळतं त्याने उचकी चालू असेपर्यंत रात्री टाळावी. रोज पिणाऱ्याने मात्र उचकीसाठी म्हणून दारू एकदम तोडू नये. हातकंप, भ्रम, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना सांगून उतरवत न्यावी.

उचकी चालू असताना तीन-चार दिवस असं जेवण ठेवा: दर अडीच-तीन तासांनी थोडं. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, मूगडाळ, वाफवलेला दुधी किंवा लाल भोपळा. हुमण (माशाची कढी) खायचंच तर मिरची आणि आंबट कमी, आणि पेला भरून कढी वर पिऊ नका. घास लहान, गप्पा नंतर. पेज फार गरमही नको. रात्रीचं जेवण झोपण्यापूर्वी 3 तास.

झोपताना डोक्याकडची बाजू 15 सेंटिमीटर उंच करा. यासाठी खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे घालायचे. दोन-तीन उशा रचल्या तर फक्त मान वाकते, पोट दुमडतं आणि आंबट उलट जास्त वर येतं. डाव्या कुशीवर झोपा. बाज किंवा चटई असेल तर पाठीखाली मानेपासून कंबरेपर्यंत उतरती गादी घाला.

औषधाच्या पिशवीत बघा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि कारण नेमकं तिथेच सापडतं. डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड हे उचकीचं ओळखीचं कारण आहे. केमोथेरपीच्या दिवशी ओकारी होऊ नये म्हणून ते दिलं जातं, सांधेदुखीसाठी फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'लगेच आराम' पाकिटातही ते असू शकतं. काही केमोची औषधं, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या यांनीही उचकी लागते. भूल दिल्यानंतर, विशेषतः पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर, उचकी येते आणि टाक्यांवर ताण देते. वॉर्डातल्या नर्सला लगेच सांगा.

संशय आला तरी स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नका. काही दिवसांहून जास्त चालू असलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. सगळी पाकिटं, रिकामी सुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. नावं सांगण्यापेक्षा हे बरं.

मूत्रपिंड आणि परसातलं करमल

मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तात युरिया साठतो आणि उचकी लागते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम खाली गेल्यानेही लागते. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, पाय सुजत असतील, भूक मेली असेल आणि आता उचकी थांबत नसेल, तर क्रिएटिनिनची (मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारी) रक्ततपासणी आधी करा.

यातला एक धोका आपल्या परसात उभा असतो. करमल, म्हणजे आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी दिसते ते पिवळं आंबटगोड फळ. कुणी करंबळ म्हणतं, कुणी कमरख. निरोगी माणसाने एखादी फोड खाल्ली तर काही होत नाही. पण ज्याची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत किंवा जो डायलिसिसवर आहे, त्याला एका फळानेही विषबाधा होऊ शकते. फळात ऑक्झलेट असतं आणि शिवाय कॅरंबॉक्सिन नावाचं मज्जातंतूंना चेतवणारं विष. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते 2013 साली वेगळं करून दाखवलं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंड टाकू शकत नाही.

आणि या विषबाधेचं सगळ्यांत नेहमीचं पहिलं लक्षण न थांबणारी उचकी हेच आहे. फळ खाल्ल्यानंतर काही तासांत उचकी, मग ओकारी, गोंधळ, झटके. काही रुग्ण दगावतात. उपाय म्हणजे लवकरात लवकर डायलिसिस. तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णाला उचकी लागली की पहिला प्रश्न, "करमल खाल्लं का? रस, लोणचं, चटणी?" उत्तर हो असेल तर रात्र काढू नका, डायलिसिसची सोय असलेल्या इस्पितळात थेट जा आणि दारातच फळाचं नाव सांगा. कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला ही गोष्ट ठाऊक असेलच असं नाही. मूत्रपिंड धड असलेल्यांनीही उपाशी पोटी पेलेच्या पेले करमलाचा रस 'साखरेवर औषध' म्हणून पिऊ नये. ऑक्झलेटने चांगली मूत्रपिंडं बिघडतात.

छाती, यकृत, मेंदू: थोडक्यात

ताप, खोकला आणि उचकी एकत्र असेल तर फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया. ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली दुखणं, दुखणं उजव्या खांद्यापर्यंत जाणं: यकृतातलं गळू, पिणाऱ्यांत हे अधिक दिसतं आणि सोनोग्राफीत लगेच सापडतं. दिवसेंदिवस उचकी आणि ओकारी, एंडोस्कोपी (नळी घालून जठर बघणं) मात्र स्वच्छ, पित्ताच्या गोळ्यांनी फरक नाही, विशेषतः तरुण किंवा मध्यमवयीन बाईला: मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या देठाला सूज येणारा एक आजार असा सुरू होतो आणि पुढे डोळे, पाय धरतो. गिळायला अडकणं, वजन उतरणं सोबत असेल तर एंडोस्कोपी पुढे ढकलू नका.

डॉक्टरांकडे कधी, कुठे, काय घेऊन

48 तास झाले, किंवा त्याआधीच खाणं, पिणं, झोपणं अशक्य झालं, की जायचं. सुरुवात जवळच्या आरोग्यकेंद्रातून किंवा घरच्या डॉक्टरांपासून करा. साध्या रक्ततपासण्या आणि ईसीजीसाठी सत्तरी तालुक्यातून थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायची गरज नसते. पुढची पायरी उत्तरेत म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेत मडगावचं, मधल्या भागाला फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ. मेंदूचा एमआरआय, मज्जातंतू किंवा मूत्रपिंडाचे तज्ज्ञ लागले तर गोमेकॉ. ओपीडीला सकाळी लवकर जा. सोबत वही, औषधांची पिशवी, जुने रिपोर्ट आणि दीनदयाळ योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं) कार्ड असेल तर ते. उचकी चालू असतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा; डॉक्टरांच्या समोर बसलं की ती नेमकी थांबते.

पहिल्या फेरीत साधारण हे होतं: कान, घसा, मान, पोट तपासणं; ईसीजी; सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या; छातीचा एक्स-रे; गरजेप्रमाणे पोटाची सोनोग्राफी. एंडोस्कोपी, सीटी, एमआरआय दुसऱ्या फेरीत. पहिल्याच दिवशी एमआरआयचा आग्रह धरू नका, पण वर सांगितलेली मेंदूची लक्षणं असतील तर नक्की धरा.

गोळ्यांबद्दल

कारण सापडलं तर त्यावर उपचार. ते होईपर्यंत किंवा कारण सापडलं नाही तर उचकी दाबणारी औषधं. मात्रा इथे देतो ती चिठ्ठी वाचता यावी म्हणून, आणून घेण्यासाठी नव्हे.

जळजळ असेल तर ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी, 20 मिलिग्रॅम, सकाळी खाण्यापूर्वी अर्धा तास. जेवणानंतर घेतली तर उपयोग कमी होतो. एका गोळीने फरक पडत नाही, काही दिवस घ्यावी लागते.

बॅक्लोफेन 5 ते 10 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बऱ्याच डॉक्टरांची पहिली पसंती. पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडाच्या रुग्णात थोड्या मात्रेनेही गाढ गुंगी आणि भ्रम येतो. क्रिएटिनिन बघितल्याशिवाय ही गोळी सुरू होत असेल तर विचारा. बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंदही करू नये. गॅबापेन्टिन 100 ते 300 मिलिग्रॅम तीनदा हा दुसरा पर्याय, त्यातही मूत्रपिंडाचा हिशेब आहेच.

मेटोक्लोप्रमाइड 10 मिलिग्रॅम जठर लवकर रिकामं करतं. पार्किन्सनच्या रुग्णाला ते देत नाहीत. तोंड, जीभ, मान आपोआप वाकडी होऊ लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

क्लोरप्रोमाझीन 25 ते 50 मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. अमेरिकेच्या औषध नियामकाने उचकीसाठी मंजूर केलेलं हे एकमेव औषध. जुनं, परिणामकारक, पण रक्तदाब उतरवतं. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडतो. आधी खाटेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उठायचं. मनोविकारांवरची गोळी आहे म्हणून फार्मसीवाल्याने भुवया उंचावल्या तर लाजू नका.

यांपैकी बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते. त्या चालू असेपर्यंत स्कूटर नाही, होडी नाही, माडावर चढणं नाही, आणि दारूचा थेंब नाही (रोज पिणाऱ्याने गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं). गोळी सुरू केल्यावर वही चालूच ठेवा. मिनिटाला 30 वरून 12 वर आली हे आकड्यात दिसलं की मात्रा वाढवायची की बदलायची हे डॉक्टरांना ठरवता येतं. गोळ्यांनी न जमलेल्या थोड्या रुग्णांत मानेतल्या फ्रेनिक नसेला इंजेक्शन देऊन बधिर करतात. ते मोठ्या इस्पितळातलं काम.

तान्ह्या बाळाची उचकी

हिचा वरच्या कुठल्याही गोष्टीशी संबंध नाही. बाळाला पोटात असल्यापासून उचक्या येतात, आणि दूध पिल्यावर येणारी उचकी बहुधा आपणच थांबते. खांद्यावर उभं धरा, ढेकर काढा, पाजताना मधे एकदा थांबा. 6 महिन्यांच्या आत पाणी नाही, वर्षाच्या आत मध नाही, त्यामुळे मध-मोरपिसाच्या राखेचं चाटणही नाही. साखर, दचकवणं, नाक दाबणं काहीच नाही. हिरवी उलटी, दूध न ओढणं, वजन न वाढणं, श्वासाला घरघर असेल तरच मुलांचे डॉक्टर, आणि हिरव्या उलटीला तर त्याच तासाला.

थांबल्यावर

उचकी थांबली त्या क्षणाची वेळही वहीत लिहा आणि त्याआधी काय केलं तेही. पुढचे दोन-तीन दिवस पेज, लहान घास, उंच खाट तसंच चालू ठेवा. गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या आणि उरलेली पाकिटं शेजारच्या उचकीवाल्याला देऊ नका. त्याची मूत्रपिंडं तुम्हाला माहीत नाहीत. तपासण्या बाकी राहिल्या असतील तर उचकी गेली म्हणून त्या सोडू नका, विशेषतः वजन उतरत असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं आलं असेल तर. परत लागली तर नवं पान उघडा, वर तारीख आणि वेळ.